माठातलं गार पाणी आणि दहावीचं विज्ञान



गटाची मासिक बैठक आटोपते, बचत गोळा होते, वहीवर सह्या होतात आणि मग बोलणं पोरांच्या शाळेवर येतं. आठवी ते दहावीची मुलं असलेल्या घरांतून दोन तक्रारी हमखास ऐकायला मिळतात. एक म्हणते, "आमच्या पोरीच्या डोक्यावरनं जातंय विज्ञान. पुस्तक उघडलं की तिला धडकी भरते." दुसरी म्हणते, "आमच्या पोराला सर सांगतात ते आधीच येतंय. बसून बसून कंटाळतो, मग दंगा करतो." ही दोन्ही पोरं पुष्कळदा एकाच वर्गात असतात. शिक्षक एक, तास एक, पुस्तक एक. मग धडा शिकवायचा कुणासाठी?

आज याच प्रश्नावर बोलू. विषय शिक्षकांचा वाटेल, पण तो आपलाही आहे. तंत्रनिकेतन, शेतकीची पदविका, नर्सिंग, आयटीआयचे बरेच ट्रेड, या सगळ्यांना विज्ञानाची समज लागते. नववीत विज्ञान सुटलं की या वाटा अवघड होतात. आणि पोरगी एकदा 'विज्ञानात कच्ची' ठरली की तिला पुढं शिकवायचं कशाला, असं म्हणायला घरातल्यांना निमित्त मिळतं.

आधी हे बघू, की एका वर्गात इतका फरक येतो कुठून. आपल्या आटपाडी तालुक्यात त्याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. कुणाचं घर मेंढरं घेऊन वर्षातले काही महिने बाहेर असतं. कुणाचे आईवडील ऊसतोडीला जातात, पोरं कधी बरोबर जातात, कधी आजीजवळ राहतात. आटपाडी आणि खानापूर तालुक्यांतली कितीतरी घरं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली आहेत. त्यातलं एखादं पोर दुसऱ्याच भाषेतल्या शाळेत चार वर्षं काढून गावात परत येतं. शेजारच्या बाकावर शिक्षकाचा मुलगा, ज्याच्या घरी पुस्तकंही आहेत आणि विचारायला माणूसही आहे. या चार पोरांची डोकी वेगळी आहेत असं म्हणण्याआधी, त्यांना मिळालेले शाळेचे दिवस वेगळे आहेत, हे ध्यानात घ्यायला हवं.

अशा वर्गात साधारण तीन गोष्टी होतात. पहिली, शिक्षक मधल्या पोरांकडे बघून शिकवतात. मागच्यांना कळत नाही, पुढच्यांना नवीन मिळत नाही. दुसरी, हुशार आणि ढ असे गट पडतात, कधी उघड, कधी मनातल्या मनात. मागच्या गटाला धडा उतरवून काढायला सांगतात, पुढच्या गटाला तसलीच आणखी दहा गणितं देतात. उतरवून काढणारा शिकत नाही आणि तेच गणित अकराव्यांदा करणाराही शिकत नाही. तिसरी, सगळ्यांना जमावं म्हणून धडाच पातळ करतात. अवघड भाग गाळायचा, प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यायची. मग परीक्षेत 'शास्त्रीय कारणे लिहा' असा प्रश्न आला की पाठ केलेलं आठवलं तर ठीक, नाहीतर पान कोरं.

आपण घरात लेकीला भाकरी शिकवतो ती रीत आठवा. पहिल्या दिवशी मोठी भाकरी देत नाही. लहान गोळा देतो, पीठ मळून देतो, वेळ पडली तर तिच्या हातावर हात ठेवून थापतो. पण तिच्या हातून भाकरीच थापून घेतो. 'तुला जमणार नाही, तू आपली वर्षभर पीठच चाळत बस', असं म्हणत नाही. हळूहळू हात काढून घेतो. मग ती एकटी थापते, तव्यावर टाकते, फुगवते. विज्ञानाचा तासही असाच रचता येतो. काम सगळ्यांना खरंच द्यायचं, विचार करायला लावणारं. मदत मात्र ज्याला जेवढी लागेल तेवढी आणि लागेल तोवर. लेव्ह विगोत्स्की नावाचे रशियन मानसशास्त्रज्ञ शंभरेक वर्षांपूर्वी हेच सांगत होते. मुलाला आज एकट्याला येत नाही, पण जाणत्याच्या मदतीनं जमतं, त्या जागेवर शिकवणं व्हावं, असं त्यांचं म्हणणं.

आता एक धडाच घेऊन बघू. दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात 'उष्णता' हा धडा आहे. त्यात 'बाष्पनाचा विशिष्ट अप्रकट उष्मा' असे शब्द येतात. ऐकूनच पोरं दचकतात. पण ही गोष्ट आपल्या घरात, माठाच्या तिवईवर रोज चालू असते.

शिक्षक फळ्यावर एकच प्रश्न लिहितात. मातीच्या मडक्यात आणि स्टीलच्या कळशीत सकाळी सारखंच पाणी भरून सावलीत ठेवलं, तर दुपारी कोणतं गार असेल, किती गार असेल आणि का?

या प्रश्नाचा पहिला भाग वर्गातल्या प्रत्येक पोराला येतो. वाचायला अडखळणाऱ्यालाही येतो, कारण तो उन्हाळाभर माठातलं पाणी पितो. म्हणून दारातच कुणी अडकत नाही. प्रत्येकानं आपला अंदाज वहीत लिहायचा. लिहिता येत नसेल तर चित्र काढायचं, नाहीतर शेजाऱ्याला सांगायचं. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही. नंतर तोच पडताळून बघायचा आहे.

मग चार-चार जणांच्या टोळ्या करायच्या, सगळ्या प्रकारची पोरं मिसळून. मडकं आदल्या रात्री भिजवून ठेवायचं, कारण नवं मडकं स्वतःच पाणी पितं. सकाळी दोन्ही भांड्यांत दोन-दोन लिटर पाणी, वर झाकण. दर अर्ध्या तासानं दोन्हींचं तापमान बघायचं आणि तक्त्यात लिहायचं. शिवाय किराणा दुकानातल्यासारख्या वजनकाट्यावर दोन्ही भांडी सकाळी आणि दुपारी तोलायची. कामं फिरती ठेवायची. एरवी आपल्या शाळांत काय होतं? उपकरण पोरांच्या हातात आणि सुबक अक्षर म्हणून वही पोरींच्या हातात. पोरगी तीन वर्षं नुसतं लिहून घेते. म्हणून आज तापमान बघणारी उद्या वजन करील, परवा प्रश्न विचारील, असं ठरवूनच द्यायचं.

दुपारी काय दिसतं? मडक्यातलं पाणी गार झालेलं असतं आणि मडक्याचं वजनही उतरलेलं असतं. कळशीचं पाणी गार झालेलं नसतं, वजनही जवळजवळ तेवढंच असतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हा इथला खरा प्रश्न. मडक्याच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर पाझरतं आणि वाफ होऊन उडून जातं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता मडक्यातल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून उरलेलं पाणी गार होतं. चुलीवर पाणी उकळायला लागलं की जाळ कितीही घातला तरी त्याचं तापमान वाढत नाही. ती उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते, तापमापकात दिसत नाही. म्हणून तिचं नाव 'अप्रकट', म्हणजे न दिसणारी. इतकं झाल्यावर पुस्तकातला शब्द सांगितला तर तो पोरांच्या डोक्यात राहतो.

आता ज्यांना आणखी पुढं जायचं त्यांच्यासाठी आकडे. पुस्तकात दिलंय की १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी उष्णता लागते. हा आकडा उकळत्या पाण्याचा आहे. साध्या तापमानाला तो थोडा जास्त असतो, पण अंदाजाला चालतो. समजा तीन-चार तासांत ४० ग्रॅम पाणी उडालं. ४० गुणिले ५४० म्हणजे २१,६०० कॅलरी. १ ग्रॅम पाणी १ अंशानं गार व्हायला १ कॅलरी बाहेर जावी लागते. मडक्यात सुमारे २,००० ग्रॅम पाणी आहे, म्हणजे हिशेबानं ते १० अंशांहून जास्त गार व्हायला पाहिजे. पण तापमापक तर त्याहून कमी उतार दाखवतो. मग बाकीचं गेलं कुठं?

या प्रश्नाला वर्गातलं सगळ्यात हुशार पोरही थांबतं, आणि त्यानं थांबावं म्हणूनच तो विचारायचा. भोवतालची हवा गरम आहे, ती मडक्याला सारखी उष्णता देत असते. एकीकडून उष्णता जाते, दुसरीकडून येते. गटाच्या पेटीत बचत जमा होते आणि त्याच वेळी कर्जही वाटलं जातं, तर शिल्लक दोन्ही बघून काढावी लागते, तसाच हा हिशेब आहे.

यापुढचे प्रश्नही आपल्या घरातलेच आहेत. एप्रिलमध्ये आपल्याकडे माठ पाणी जसं गार करतो, तसं कोकणात का करत नाही? आपल्याकडची हवा कोरडी, तिथली दमट. दमट हवेत आधीच वाफ भरलेली असते, त्यामुळे पाणी सावकाश उडतं. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत त्याचं कारणही हेच. माठ जुना झाला की गार करत नाही, हे प्रत्येक बाईला माहीत आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार त्याच्या छिद्रांत बसतात आणि पाझर कमी होतो. माठाला तैलरंग दिला तर काय होईल? ओलं फडकं गुंडाळलं तर? पंख्याखाली ठेवला तर? ज्यांचं काम लवकर झालं त्यांना तसलीच दहा गणितं देण्यापेक्षा यातला एक प्रश्न द्यावा. त्यांनी आधी अंदाज लिहावा, मग करून बघावं.

हा एकच धडा चार पायऱ्यांचा झाला. बघणं, मोजणं, कारण सांगणं आणि नव्या जागी ते कारण लावून बघणं. कोण कुठल्या पायरीपर्यंत जाईल हे शिक्षकांनी आधी ठरवायचं नाही. गणितात मागं असलेलं पोर कारण सांगण्यात पुढं निघू शकतं. रानात पाण्याच्या कॅनला ओलं पोतं गुंडाळून पाणी गार ठेवणाऱ्या पोराला ते उत्तर कुणाच्या आधी सुचेल. मात्र ज्या पोरीला दशांश येत नाहीत तिला 'तुझं निरीक्षण छान आहे' एवढ्यावर सोडूनही चालणार नाही. तिला दशांश शिकवावे लागतीलच. फरक इतकाच, की आता ते कशाला लागतात हे तिला दिसतंय, कारण तापमापकावर ती स्वतः २७.५ वाचतेय.

मागं पडलेल्यांना मदत द्यायची ती कशी? उत्तर सांगून टाकणं ही मदत नव्हे. अर्धा भरलेला तक्ता द्यावा, उरलेला त्यांनी भरावा. लागणारे पाच-सहा शब्द सोप्या अर्थासह फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत. 'वजन का कमी झालं असेल?' असा एखादा वाट दाखवणारा प्रश्न चिठ्ठीवर द्यावा. पुढच्या धड्याला यातली एकेक मदत काढून घ्यावी. आणि पुढच्या पोराला सारखं मागच्याचा मास्तर करू नये. समजावून सांगताना तोही शिकतो हे खरं, पण त्यालाही त्याचं स्वतःचं अवघड काम मिळायला हवं.

शब्दांची अडचण मी मुद्दाम काढली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी शाळांतल्या मुलांबरोबर काम करताना ही गोष्ट तपासली. पुस्तकातली जड भाषा सोपी केली, की मुलांना विज्ञान जास्त कळतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे पोरं पुष्कळदा विज्ञानाशी अडत नाहीत, त्या भाषेशी अडतात. पुढं १९८०च्या दशकात या केंद्रानं मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांना हाताशी धरलं, दहावीपर्यंत साथ दिली, आणि ती मुलं शालांत परीक्षेत चांगली चमकली. विचार अवघड ठेवून शब्द सोपे करता येतात, हा त्यातून घ्यायचा धडा.

खेड्यातल्या साध्या शाळेत हे चालेल का, असं कुणी विचारील. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांसाठी असं काम सुरू झालं. मुलं चार-चारच्या टोळीत प्रयोग करायची आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसायची परवानगी होती. प्रश्नच असे असायचे, की पुस्तकातून उतरवून उत्तर मिळणार नाही. हा कार्यक्रम वाढत शेकडो शाळांत पोचला आणि २००२ साली सरकारनं तो बंद केला. पण तीस वर्षं तो साध्या सरकारी शाळांत, नेहमीच्याच शिक्षकांनी चालवला.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं. शिरूर तालुक्यातलं हे गावही आपल्यासारखंच दुष्काळी. डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून तिथं गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली, शाळा सुटलेली पोरं हातानं काम करत शिकली तर उत्तम शिकतात, असा त्यांचा विश्वास होता. तिथूनच आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय माध्यमिक शाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस काम करायचं. शेती आणि पशुपालन, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य, अभियांत्रिकी असे त्याचे चार भाग. मुलं माती तपासतात, रक्तगट बघायला शिकतात, वायरिंग करतात, वेल्डिंग करतात, आणि त्यातून गावाचीही कामं होतात. असं काम करताना धड्यातलं सूत्र कशासाठी आहे हे पोराला आपोआप कळतं.

शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत, त्याही बोलायला हव्यात. वर्गात पन्नास-साठ पोरं, अभ्यासक्रम मोठा, वरून कागदांची कामं. प्रत्येक तास असा होणार नाही. पण एका धड्याला असा एक तास जमू शकतो. दहावीच्या विज्ञानाचे ४०-४० गुणांचे दोन पेपर आणि प्रात्यक्षिक व अंतर्गत कामाचे २० गुण असतात. म्हणजे प्रयोगाला परीक्षेतही जागा आहे, तो वेळ वाया जात नाही.

आता आपण काय करायचं ते बघू. पालकसभेला गेलो की आपण एकच विचारतो, "किती मार्क पडले?" त्याबरोबर हेही विचारावं, "या महिन्यात पोरांनी कोणता प्रयोग स्वतःच्या हातानं केला? माझ्या पोरीनं त्यात काय केलं?" आठवीपर्यंतच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्यानं तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. माध्यमिक शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. तिथं नुसती सही करून येऊ नये.

दुसरं, वस्तूंची मदत. मडकं, कळशी, वजनकाटा गावातच मिळतो. तापमापक शाळेत पुरेसे नसतील तर दोन-तीन गट मिळून घेऊन देऊ शकतात. तो प्रयोगशाळेचा घ्यावा, लाल रंगाच्या द्रवाचा. ताप बघायचा चालत नाही, तो साधारण ३५ अंशांच्या खाली दाखवतच नाही. पाऱ्याचा नको, कारण फुटला तर पारा विषारी असतो.

तिसरं, आपल्याजवळचं ज्ञान. साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो आणि लिंबू पिळलं की परत पिवळा, हे आपल्याला माहीत आहे. नववीच्या 'आम्ल, आम्लारी व क्षार' या धड्याचं ते दार आहे, आणि हळदीची पेठ तर आपल्या सांगलीचीच. गलाईच्या घरांत ठाऊक असतं की नायट्रिक आम्लात चांदी विरघळते आणि सोनं तसंच राहतं. हा प्रयोग पोरांनी करायचा नाही, त्याचा धूर विषारी असतो. पण जाणत्या माणसानं वर्गात येऊन सांगावं असं ते रसायनशास्त्र आहे. गटातल्या कुंभारकाम जाणणाऱ्या, दूध संकलन करणाऱ्या, डाळिंबाची बाग सांभाळणाऱ्या बाईलाही शिक्षकांनी एक तास बोलवावं, असं आपण सुचवू शकतो.

आणि घरात 'ढ' हा शब्द वापरू नये. पोरगी काही विचारायला लागली तर उत्तर येत नसलं तरी चालेल, "तुला काय वाटतं? कसं बघता येईल?" एवढं म्हणावं. प्रयोगासाठी तिला शाळेत अर्धा तास उशीर झाला तर त्या दिवशीचं पाणी भावानं भरावं.

पुढच्या बैठकीत हिशेब झाल्यावर दहा मिनिटं काढा. गटातल्या किती जणींची मुलं आठवी ते दहावीत आहेत ते मोजा, आणि विज्ञानाच्या शिक्षकांना भेटायला दोघीजणी ठरवा. तक्रार घेऊन जाऊ नका. "सर, माठाचा प्रयोग करायचा झाला तर आमच्याकडून काय लागेल?" एवढं विचारून या. ते काय म्हणाले, ते त्यापुढच्या बैठकीत वहीत लिहा.